लेकुरवाळें विमान

कालिदासाच्या रघुवंशांतील तेराव्या सर्गांत राम पुष्पक विमानांतून अयोध्येस परत जात असतां सीतेस खालचा प्रदेश दाखवीत जातो. समुद्र, सेतु, पंपासरोवर, गोदावरी, पंचवटी हीं स्थळें एकामागून एक येतात. शाळेंत असतां हा कथाभाग आम्हीं मुलांना किती वेळां सांगितला असेल याची गणती नाहीं. गोदावरीचें नांव निघालें म्हणजे आमच्या नाशिक जिल्ह्यांतील मुलांच्या मुद्रा उजळत. परंतु एक गोष्ट इतक्या वर्षांत आमच्या ध्यानांत आली नव्हती. त्या विमानांत सीता आहे, लक्ष्मण आहे, सुग्रीव-बिभीषणादि मंडळी आहे; पण तान्हें मूल असल्याचें कोठें वाचल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. लव-कुशांचा जन्म पुढचा. दुधाची बाटली, लंगोटांची पिशवी आणि सर्दीनें वाहणारें नाक हीं सोबत असतीं, तर पंचवटीचें इतकें निवांत वर्णन करण्यास रघुनाथांस सवड मिळाली असती कीं नाहीं, याविषयीं आतां आम्ही साशंक आहों.

शंकेचें कारण असें. गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या घरांतील अकरा माणसें कळवणाहून हैदराबादेस विमानानें जाऊन आलीं. त्यांत चिरंजिवांची पांच वर्षांची मुलगी, नऊ महिन्यांचा मुलगा, आणि धाकट्या बंधूंचा दोन वर्षांस थोडे दिवस कमी असलेला नातू, अशीं तीन लेंकरें होतीं. हैदराबादेस काचीगुड्यास आमच्या वडील भगिनी राहतात. त्यांस आम्ही अक्का म्हणतों. त्यांचें वय ऐंशीच्या घरांत असून गेलीं चार वर्षें त्यांच्यानें जिना उतरवत नाहीं. “बाळाला एकदां मांडीवर घेऊं दे, मग काय व्हायचें तें होवो,” असा त्यांचा निरोप श्रावणांतच आला होता.

कळवण हें गिरणेच्या कांठचें तालुक्याचें गांव. कांदा मुबलक, पाऊस लहरी, आणि आगगाडी मुळींच नाहीं. पूर्वी हैदराबादेस जावयाचें म्हणजे देवळा, चांदवड करीत मनमाड गांठावें, आणि तेथून रात्रीच्या गाडीनें सकाळीं उतरावें, हाच क्रम. अक्का १९६७ सालीं सासरीं गेल्या त्या याच वाटेनें. तेव्हां तो रूळ मीटर मापाचा होता. विमान ओझरास होतें खरें, पण तें आमचें नव्हे. तेथें १९६४ पासून लढाऊ विमानांचा कारखाना आहे, आणि मिग विमानें डोक्यावरून जातांना आमच्या पिढीनें शाळेच्या पटांगणांत उभें राहून पाहिलीं. तीं मिग-२१ विमानें २०२५ च्या सप्टेंबरांत वायुदलांतून निवृत्त झालीं. आम्ही त्यांच्या आधींच झालों होतों. उतारूंसाठीं जानोरीच्या बाजूला इमारत उभी राहिली ती २०१४ सालीं, आणि उडान योजनेखालीं विमानें येऊं-जाऊं लागलीं तीं २०१७ च्या अखेरीस. मध्यंतरीं तेथून शेळ्यामेंढ्या आखाती देशांत विमानानें रवाना होत असल्याचें वर्तमान आलें, तेव्हां आमचे बंधु म्हणाले, “दादा, मेंढ्यांचा नंबर लागला, आपला केव्हां?”

तो लागला, पण तिकिटापासूनच पांडित्यास आरंभ झाला. दोन वर्षांच्या आंतील मुलास निराळी जागा मिळत नाहीं. तें मांडीवर बसतें आणि त्याचें शुल्क अल्प असतें. दोन वर्षें पुरीं झालीं कीं जागा घ्यावीच लागते. बंधूंचा नातू जातांना दोहोंच्या आंत, आणि येतांना दोहोंच्या बाहेर! त्याचा वाढदिवस हैदराबादेच्या मुक्कामांतच येत होता. तिकिटें काढून देणाऱ्या गृहस्थानें दोन्ही वेळचीं तिकिटें मांडीवरच्या मुलाचींच काढलीं होतीं. तिथि आणि तारीख पडताळून पाहण्याची आमची जुनी खोड म्हणून तें उघडकीस आलें. नाहींतर परत येतांना विमानतळावर आयत्या वेळीं चढ्या दरानें जागा घ्यावी लागली असती. बंधूंस मात्र हें पटेना. “तोच मुलगा, तेंच वजन, आठवड्यानें असें काय वाढलें?” असें ते अजूनहि म्हणतात. वयाचा पुरावा दाखवावा लागतो, तेव्हां जन्मदाखला कपाटांत न ठेवतां हातांतील पिशवींत ठेवावा, हें येथेंच सांगून टाकतों.

निघण्यास दोन दिवस राहिले आणि बाळास सर्दी झाली. येथून घरांत दोन पक्ष पडले. एक म्हणे बेत रहित करावा. दुसरा म्हणे अक्कांस कळविणार कोणत्या तोंडानें? आमच्या कुटुंबानें तिसराच उपाय काढला. बाळगुटींत जायफळाचे चार वेढे अधिक उगाळले म्हणजे बाळ सबंध प्रवास झोपून काढील. आमच्या आईच्या काळीं घरोघर याहूनहि भयंकर पदार्थ, म्हणजे अफू, बाळास देत असत, आणि तीं मुलें ‘शांत’ असतात म्हणून तिचें कौतुक होई. सूनबाई हळू बोलणारी, पण पक्की. ती म्हणाली, “आई, गुटी रोजच्याइतकीच देऊं. डॉक्टरांना विचारल्याखेरीज जास्त कांहीं नको.”

डॉक्टरांनीं दोन्ही कान पाहिले; ते स्वच्छ होते. ताप नव्हता. जा म्हणाले, परंतु गुंगीचें औषध देऊं नका, कित्येक मुलांवर त्याचा उलटा परिणाम होऊन तीं अधिकच चवताळतात. मग त्यांनीं कानाचें शास्त्र सांगितलें. कानाच्या पडद्यामागें एक पोकळी असते, आणि ती घशास एका बारीक नळीनें जोडलेली असते. विमान उंचावर असतां आंतील हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तितका, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याहूनहि विरळ असतो. उतरतांना तो वाढत जातो. बाहेरची हवा त्या नळीवाटे आंत न शिरली तर पडदा आंत ओढला जातो आणि ठणका लागतो. घोंट गिळतांना ती नळी उघडते. लहान मुलांची नळी अरुंद आणि बरीचशी आडवी. त्यांत सर्दी असली तर ती सुजलेलीहि असते. म्हणून वर चढतांना, आणि विशेषतः उतरतांना, बाळास अंगावर पाजावें. तें झोपलें असेल तर जागें करावें, कारण झोपेंत गिळणें मंदावतें. सूनबाईनें सर्व ऐकून घेतलें. आम्हींहि ऐकलें, पण ऐकणें आणि ग्रहण करणें यांतील अंतर वर्गांत शेवटच्या बाकावर पाहिलेलें आहेच.

पहांटे चारला दोन जीपगाड्यांतून निघालों. नांदुरीपाशीं सप्तशृंगीच्या गडाला अंधारांतच हात जोडले, आणि वणी, दिंडोरी करून जानोरीस पोंचलों. येथें एक विचार मांडावासा वाटतो. अमेरिकेंत १९ जुलै १९८९ रोजीं सू सिटी येथें एका मोठ्या विमानाला अपघात झाला, आणि मांडीवर असलेल्या मुलांपैकीं एक त्यांत दगावलें. प्रत्येक मुलास पट्ट्यासह स्वतंत्र आसन असावें, असें तेथील अपघातांची चौकशी करणारें मंडळ तेव्हांपासून सांगत आलें आहे. विमानखात्याचें उत्तर असें कीं, सक्ती केली तर खर्च वाढून कुटुंबें मोटारीनें जातील, आणि रस्त्यावर त्याहून अधिक मुलें प्राणांस मुकतील. विमानांत सूनबाईच्या पट्ट्यांत ओंवलेला बाळाचा छोटा पट्टा आम्हीं तीनदां ओढून पाहिला. परंतु त्याच सकाळीं नांदुरीच्या वळणांवरून समोरून कांद्याच्या गाड्या येत असतां तें बाळ जीपमध्यें पुढच्या जागेवर आईच्या मांडीवर मोकळें होतें, आणि आमच्यापैकीं एकाच्याहि मनांत कांहीं आलें नाहीं! मोटारींत मुलांस पट्टा अगर त्यांचें खास आसन असावें असा कायदा २०१९ च्या दुरुस्तीनें झालेला आहे. कळवणांत तसें आसन आम्हीं तरी कोणाच्या गाडींत पाहिलेलें नाहीं.

विमानतळ लहान, त्यामुळें मुलांस घेऊन फार चालावें लागलें नाहीं. तपासणीच्या जागीं बाळाचें दूध व नाचणीची पेज यांस कोणी हरकत घेतली नाहीं. विमान दोन पंख्यांचें, सत्तर-पंचाहत्तर माणसांचें. दोन तान्हीं मुलें एका ओळींत शेजारीं बसूं देत नाहींत. मोठ्या विमानांत प्रत्येक ओळीस प्राणवायूचे मुखवटे मोजकेच जास्त असतात, त्यावरून हा दंडक. जावा-जावांची त्यामुळें ताटातूट झाली आणि पेजेचा डबा एकीकडे, चमचा दुसरीकडे असा प्रकार झाला. नात खिडकीपाशीं बसली. बंधूंच्या नातवानें पुढच्या गृहस्थांच्या खुर्चीवर लाथा मारण्याचा उद्योग आरंभिला. ते दोनदां वळून पाहते झाले. बंधूंनीं खिशांतून दोरीची गुंडी काढून त्यास गांठी सोडवावयास दिल्या, आणि त्यांत त्याचा पाऊण तास गेला. महागड्या खेळण्यांनीं हें साधलें नसतें.

बाळ चढतांना दूध प्याला आणि झोपी गेला. तासाभरानें विमानाचा आवाज किंचित् बदलला. सूनबाई म्हणाली, “आप्पा, खालीं उतरायला लागलें वाटतें. याला उठवतें.” आम्ही म्हणालों, “छे, छे! झोपलेलें मूल कधीं उठवूं नये. उतरावयाचें असलें म्हणजे सांगतील कीं.” तिनें एकदां आमच्याकडे पाहिलें आणि हात मागें घेतला. वडील माणसाचा शब्द तिनें चारचौघांत मोडला नाहीं.

जमिनीवर उतरण्याची सूचना झाली तेव्हां फार उशीर झालेला होता. उतरणें सूचनेच्या पुष्कळ आधीं सुरू होतें, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. बाळ दचकून उठला आणि असा किंचाळला कीं, तसें रडणें आम्हीं त्याच्या तोंडून पूर्वी कधीं ऐकलें नव्हतें. तो कानाशीं हात नेई, तोंड फिरवी, अंगावर घेईना. पलीकडच्या ओळींतील एक वृद्ध तेलुगु बाई आपला जबडा हलवून गिळण्याची खूण पुनःपुन्हां करून दाखवीत होत्या. अखेर सूनबाईनें चमच्यानें थेंब थेंब पाणी त्याच्या ओठांत सोडलें, आणि चाकें जमिनीला टेकल्यावर कांहीं वेळानें हुंदके थांबले. तिनें आम्हांस एक शब्दहि बोलून दाखविला नाहीं. दाखविला असता तर बरें वाटलें असतें.

हैदराबादेचें वर्णन येथें करीत नाहीं. सालारजंग संग्रहालयांतील घड्याळ मुलांनीं पाहिलें, प्राणिसंग्रहालयांत दिवस घालविला. १९०७ सालीं तेथील मराठी मंडळींनीं स्थापिलेली विवेकवर्धिनी संस्था आम्हीं मुद्दाम पाहून आलों. निजामाच्या राज्यांत उर्दूचा अंमल असतां मराठी शिक्षणाचा हा दिवा त्यांनीं लावला. बाळाचे कान तेथील डॉक्टरांस दाखविले. पडदा किंचित् लाल होता, पण परतण्यास आठवडा होता आणि तेवढ्यांत तो निवळेल असें ते म्हणाले.

अक्कांनीं बाळास मांडीवर घेतलें आणि पुष्कळ वेळ त्या कांहीं बोलल्या नाहींत. विमानांतील प्रकार आम्हीं त्यांस सांगितला तेव्हां त्यांनीं एक जुनी हकीकत काढली. १९६९ च्या वैशाखांत थोरल्या मुलास, तो आठ महिन्यांचा असतां, घेऊन त्या माहेरीं येत होत्या. गाडींत त्यास जुलाब झाले. मनमाडास तो निपचित पडून राहिला. सोबतची मंडळी म्हणाली, दमला आहे, झोपूं द्या, एस. टी. येईपर्यंत उठवूं नका. फलाटावर टोपली घेऊन बसलेल्या एका बाईनें पाहिलें मात्र, ती उठली आणि मुलाच्या तळपायावर टिचक्या मारून तिनें त्यास रडविलें. साखर-मिठाचें पाणी पळीपळीनें पाजलें, आणि दवाखान्यांत नेईपर्यंत पाजीत राहिली. “तो झोपला नव्हता रे,” अक्का म्हणाल्या. “मला आंतून कळत होतें. पण सगळीं वडील माणसें झोपूं दे म्हणत होतीं.” ज्या मुलाची ही गोष्ट, तो आमचा भाचा आतां पन्नाशी ओलांडलेला असून त्या वेळीं शेजारच्या खोलींत आमच्यासाठीं संत्रीं सोलीत होता.

सूनबाई दाराशीं उभी होती. तिनें तें ऐकलें.

परतीच्या दिवशीं बाळाची सर्दी गेलेली होती, तरी डॉक्टरांस पुन्हां कान दाखवून घेतले. बंधूंचा नातू स्वतःच्या जागेवर, स्वतःच्या पट्ट्यांत, मोठ्या ऐटींत बसला. या खेपेस घड्याळ आमच्या हातांत होतें. विमान पोंचण्याच्या वेळेआधीं अर्धा तास राहिला आणि पंख्यांचा आवाज उतरला, तोंच आम्हीं स्वतः वांकून बाळाच्या तळपायांस गुदगुल्या केल्या. तो रागावून जागा झाला. सूनबाईनें त्यास पदराखालीं घेतलें. पोंचेपर्यंत तो पीत होता, मध्येंच थांबून आमच्याकडे रोखून पाहत होता.

खालीं द्राक्षांचे मळे आंखलेल्या वहीसारखे दिसूं लागले. पलीकडे सातमाळ्याचे डोंगर धुक्यांत ओळीनें उभे होते. नातीनें खिडकीला नाक लावून विचारलें, “आप्पा, यांतला आपल्या देवीचा गड कोणता?” आम्हीं चष्मा पुसला आणि पाहिलें. सगळींच शिखरें सारखीं दिसत होतीं. नक्की सांगतां येत नाहीं, असें आम्हीं तिला सांगितलें. तेव्हां तिनें सगळ्यांनाच हात जोडले.