काडीकिड्याच्या मिशा

काडीकिडा ओळखायचा तर रंग आधी डोक्यातून काढावा लागतो. आमच्या रत्नागिरीत पावसाळ्यात रात्री टॉर्च घेऊन करवंदीच्या जाळ्या आणि पेरूची झाडं धुंडाळली की काडीकिडे हमखास दिसतात. पण एकाच मादीच्या पिल्लांत एक हिरवं तर दुसरं मातकट निघतं. लांबीचंही तेच. दर कातीला किडा वाढतो, त्यामुळे लहान दिसला म्हणजे जात निराळी, हा हिशेब टिकत नाही. नर तर मादीहून इतका बारीक की जोडी लागलेली पाहिल्याशिवाय दोघं एकाच जातीचे आहेत हे पटत नाही.

मी आधी मिशा बघते. निवांत असला की काडीकिडा पुढचे दोन पाय डोक्यापुढे सरळ ताणून धरतो. त्या पायांच्या मांड्या मुळाशी वाकलेल्या असतात, त्या खाचेत डोकं नेमकं बसतं आणि मिशा पायांच्या आड जातात. गवताच्या पात्याने हलकेच डिवचलं की तो एक पाय बाजूला घेतो आणि मिशी उघडी पडते. ती मांडीपेक्षाही आखूड असली तर बहुधा रॅम्युलस आणि त्याचे भाऊबंद. मांडीच्या बरीच पुढे गेलेली असली तर कॅरॉसियससारख्यांचा विचार करायचा. पाठीवरून दोघांत फरक करणं कठीण, पण अभ्यासक आज त्यांना दोन वेगळ्या कुळांत ठेवतात.

मात्र मोजमाप दोन्ही बाजूंचं घ्यावं. पिल्लाचा तुटलेला पाय पुढच्या कातींत पुन्हा फुटतो, पण जोडीच्या पायाहून आखूड राहतो. प्रयोगशाळेत तर मुळाशी कापलेल्या मिशीच्या जागी पायाचा तुकडा उगवल्याचंही पाहिलं गेलं आहे! म्हणून एका बाजूवरून मी वहीत काहीच लिहीत नाही.

गट कळला तरी जात दूरच असते. त्यासाठी किडा उलटा करून पाहावा लागतो. जगभरच्या शाळांत पाळला जाणारा कॅरॉसियस मोरोसस मूळचा तमिळनाडूतल्या पळणीच्या डोंगरातला. त्याला हे नाव 1901 साली मिळालं. त्याच्या माद्या नराशिवायच अंडी घालतात आणि त्यांतून जवळपास सगळ्या माद्याच निघतात. त्याच्या पुढच्या मांडीच्या मुळाशी, आतल्या अंगाला, लाल डाग असतो. पाय मिटलेले असताना घेतलेल्या फोटोत तो कुठून दिसणार? नुसत्या पाठीच्या फोटोवरून कोणी जातीचं नाव विचारलं तर मी म्हणूनच नाव सांगत नाही.

सगळ्यात खात्रीचा पुरावा अंड्याचा. मादी मी काही दिवस जाळीच्या पेटीत ठेवते, अंडी मिळाली की जिथून आणली त्याच झाडावर सोडते. दोन-तीन मिलिमीटरचं ते अंडं भिंगाखाली धरलं की एका टोकाला गोल झाकण दिसतं. काही जातींत झाकणावर छोटी गोळी असते, काहींत ती नसते. अंगावर एक पट्टी असते, तिचा आकारही जातीजातीत बदलतो. कवच कुठे गुळगुळीत, कुठे खरखरीत. प्रौढ किडे ज्यांत गोंधळात टाकतात, त्यांची अंडी पुष्कळदा स्पष्ट वेगळी निघतात. गोळीच्या लोभाने मुंग्या अंडं वारुळात ओढून नेतात, गोळी खातात आणि अंड्याला धक्का लागत नाही. हे वाचलं तेव्हापासून मुंग्यांची रांग दिसली की मी थांबतेच.

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्याच डोर्ले गावच्या पालीचं वर्णन नवी जात म्हणून 1963 साली प्रसिद्ध झालं. पायाखाली बारकाईने पाहणाऱ्याला कोकणात काय सापडू शकतं, हे त्यावरून कळावं. काडीकिड्यांनाही तसंच बारकाईने पाहायला हवं, आणि त्यासाठी त्यांची अंडी वाचायला हवीत. ती वरून टपाटप खाली पडतात आणि महिनोन्‌महिने पातेऱ्यात राहतात. तोच पातेरा आपण झाडून भाजावळीला नेतो. शेतीला राब लागतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण कुंपणालगतचा, करवंदीखालचा पातेरा मी हलवत नाही, आणि वाडीतल्या सगळ्यांना तेवढी पट्टी पहिल्या पावसापर्यंत राहू द्या, म्हणून दर उन्हाळ्यात सांगते.