मुलीच्या गाडींतून

मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरीं न जेवणारे बाप पूर्वीं कित्येक असत. त्या दंडकाच्या मुळाशीं अभिमान असेल, पण थोडी भीतीहि असावी. ज्या घरांत मुलगी यजमानीण, तेथें बाप पाहुणाच ठरतो.

मेलबर्नला राहणाऱ्या आमच्या मुलीनें आम्हां दोघांना मोटारीनें वॉर्नंबूलला, माझ्या पुतण्याकडे नेलें, तेव्हां मला हें पाहुणेपण उमगलें. गाडी तीच चालवीत होती, "पट्टा लावलात ना, बाबा?" हेंहि तीच विचारीत होती. वाट समुद्रकांठची. पहिल्या महायुद्धांतून परतलेल्या सैनिकांनीं 1919 पासून 1932 पर्यंत कुदळ-फावड्यांनीं कडे खोदून, न परतलेल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ तिचा बराच भाग बांधला.

पोर्ट कॅम्पबेलच्या पुढें 'लंडन ब्रिज' नांवाच्या खडकापाशीं आम्ही उतरलों. त्याला किनाऱ्याशीं जोडणारी कमान 1990 च्या जानेवारींत अकस्मात् कोसळली. पलीकडे गेलेल्या दोघांना हेलिकॉप्टरनें आणावें लागलें.

"बिचारा एकटा पडला," पत्नी म्हणाली.

"एकटा कसला, आई? त्याची दुसरी कमान आहे कीं शाबूत!" मुलगी हंसली.

पुतण्याकडे दोन दिवस गप्पागोष्टींत सरले. परततांना अंधार पडला, तशी ती म्हणाली, "आतां तासाभरांत घरीं पोंचूं." फोनवर बोलतांना तिच्या तोंडीं 'घर' म्हणजे नेहमीं पुण्याचें घर असे. हें घर कोणतें, तें मीं विचारलें नाहीं. त्या रात्रीं तिच्याकडे मी पाहुण्यासारखा, पण पोटभर जेवलों.