निकेलची पट्टी

डोक्यावर छप्पर असावे ही मनुष्याची गरज आहे आणि ते वाटेल तेव्हा दूर सारता यावे ही त्याची हौस आहे. घरे बांधणाऱ्यांनी या दोहोंची तडजोड गच्चीच्या रूपाने फार पूर्वीच करून टाकली. मोटारी बांधणाऱ्यांना मात्र ती तितकी सोपी गेली नाही. कापडी टप उलगडावा तर पावसात तो गळतो आणि वाऱ्याने फडफडतो. पोलादी छप्पर कायमचे जोडावे तर आकाश गेले. यावर तिसरी तोड म्हणजे निघणारे छप्पर. जर्मनीतील पोर्शे कंपनीने १९६५ साली आपली टार्गा गाडी लोकांपुढे मांडली, तीत डोक्यावरचा तेवढा भाग काढून ठेवण्याची सोय होती. अमेरिकेत १९६८ सालच्या कॉर्व्हेटला असे दोन तुकडे होते. या गाड्या बाळगणारे श्रीमंत हौशी लोक आकाशाचे वर्णन फार रसाने करतात, आणि थोडा परिचय झाला की हळूच गळतीविषयी बोलू लागतात. ते साहजिकच आहे. जे निघते त्याला सांधा असतो, आणि सांधा आला की पाणी आलेच.

आमच्या घरी जी गाडी आहे तिला कोणी या पंक्तीला बसवणार नाही. ती आहे १९६८ सालची स्टँडर्ड हेरल्ड, मद्रासच्या कारखान्यात तयार झालेली. परदेशी गाड्यांवर बंदी असण्याच्या त्या काळात मध्यमवर्गीय हिंदी गृहस्थापुढे मुख्यतः तीनच नावे असत: अँबॅसडर, फियाट आणि हेरल्ड. पैकी अँबॅसडर पुढाऱ्यांची, फियाट डॉक्टरांची, आणि हेरल्ड ज्याला गाडीपेक्षा गाडी चालवणे अधिक आवडते अशा माणसाची, अशी आमच्या वडिलांची वर्गवारी होती. ती निःपक्षपाती होती असे मी म्हणणार नाही. तथापि हेरल्डच्या अंगी थोडे खेळाडूपण होते खरे. तुरीनच्या मिकेलोत्तीने तिचे रूप रेखाटलेले. पंचवीस फुटांच्या वर्तुळात ती गर्रकन वळे. आणि तिचाच सांगाडा आखूड करून त्यावर १९६२ साली विलायतेत स्पिटफायर नावाची अस्सल स्पोर्ट्स गाडी उभी करण्यात आली. धाकट्या बहिणीचे गुण थोरलीत थोडेफार असायचेच.

परंतु तिचा खरा विशेष असा की तिचे छप्पर बोल्टांनी बसवलेले आहे. यामागे काही काव्य नव्हते, अडचण होती. स्टँडर्ड-ट्रायंफ कंपनीला मोटारींचे पूर्ण बांधे करून देणारा मोठा कारखाना १९५३ साली प्रतिस्पर्ध्याने विकत घेतला. तेव्हा १९५९ साली बाजारात आलेली ही नवी गाडी सुट्या तुकड्यांची करावी लागली: खाली स्वतंत्र सांगाडा, त्यावर निरनिराळे भाग, आणि सर्वांवर छप्पर. एकाच बांध्यावर साधी गाडी आणि उघडी गाडी दोन्ही निघू लागल्या. विलायतेतील या अडचणीचा लाभ पुढे बुराई नदीकाठच्या एका कुटुंबाला झाला.

वडील मुंबईस नोकरीला होते तेव्हा ही गाडी घेतली आणि १९८३ साली ते निवृत्त होऊन शिंदखेड्यास परतले तेव्हा तीही आली. दर कोजागिरीस दुपारी चार माणसे बोलावून ते छप्पर उतरवीत, ते ओसरीत गोधडीवर उपडे ठेवीत, आणि संध्याकाळी आम्हा सर्वांना मुडावदला घेऊन जात. तेथे पांझरा तापीला मिळते. कपिलेश्वराच्या देवळाशी गाडी उभी करून, मांडीवर दुधाचे पातेले सांभाळीत, आम्ही बिनछपराच्या गाडीत बसून चंद्र पाहत असू. गावात याची थोडी थट्टा होई. वडील २००४ साली गेले. त्यानंतर छप्पर कोणी उतरवले नाही. गाडी चालू राहिली, दसऱ्याला तिची पूजा होत राहिली. पण बोल्ट जागच्या जागी गंजले आणि कोजागिरीचे दूध आम्ही गच्चीवर पिऊ लागलो.

या छपराच्या दोन्ही बाजूंना, दारांवर, पाणी वाहून जाण्यासाठी बारीक पन्हाळ आहे. मिस्तरी लोक त्याला सरळ गटर म्हणतात. त्या गटरच्या कडेवर आमच्या गाडीला एक चकचकीत पट्टी चढवलेली होती. ती कारखान्याची नव्हे. मुंबईत मागाहून बसवून घेतलेली. तिला आम्ही निकेलची पट्टी म्हणत असू. शास्त्र काटेकोरपणे पाहिले तर अशा पट्टीवर निकेल खाली असते आणि वर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असा क्रोमियमचा पापुद्रा असतो. पण ज्याची झळाळी लोकांना आवडते त्याला लोक आपल्या आवडीचे नाव देतात.

गेल्या वैशाखात गाडी पुसताना या पट्टीचा एक तुकडा माझ्या फडक्याबरोबर निघून हातात आला. आतील बाजूस तो तपकिरी आणि पापुद्र्या-पापुद्र्यांचा झाला होता, आणि खालच्या गटरचे पोलाद बोटाने दाबताच आत गेले. इतका गंज खानदेशात यावा याचे मला प्रथम नवल वाटले. आमच्याकडे पाऊस तो किती! मुंबईच्या चौथाईइतका पडला तरी आम्ही वरुणराजाचे आभार मानतो. पण हिशेब केला तेव्हा नवल ओसरले. उघड्या गटरमध्ये पडलेले पाणी आमच्या वाऱ्याने अर्ध्या तासात सुकते. पट्टीखाली शिरलेले पाणी दिवसेंदिवस तेथेच बसते. शिवाय त्या अरुंद फटीत हवेतील प्राणवायू नीट पोचत नाही, आणि लोखंडाची रीत अशी उफराटी आहे की ओलाव्यात जेथे प्राणवायू कमी, तेथेच ते आधी झिजू लागते. मुंबईच्या पंधरा वर्षांत खारट हवेने आरंभ करून दिलेला होताच. गंज मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्याने आतून पट्टी उचलली, आणि उचललेल्या पट्टीखाली अधिक पाणी मावू लागले. सारांश, जो भाग शोभेसाठी झाकला होता तोच नेमका कुजला होता. पुढच्या काचेवरील सांधा, जेथे गळती होणार म्हणून वडील दरवर्षी रबर तपासत, तो पुष्कळ बरा निघाला.

धुळ्याहून एक वयस्क मिस्तरी आले. पत्राकामात त्यांचा हात मोठा. गॅरेजातील तरुण मंडळी अशा ठिकाणी लांबी भरून, वर रंग मारून, दोन तासांत गाडी सोडतात. यांनी मात्र चहा होईपर्यंत केवळ गटरवर बोट फिरवीत बसणे पसंत केले. मग म्हणाले, "पानीले वाट पाहिजे, भाऊ. वाट नही भेटनी ते पानी घर करस."

हे वाक्य मला ओळखीचे वाटले, कारण तेच तत्त्व आमच्या आजोबांच्या धाब्याच्या घरावर प्रत्येक उन्हाळ्यात ऐकू येई. धाबे म्हणजे मातीचे सपाट छप्पर: सागाच्या तुळया, त्यांवर काड्या नि पाला, त्यावर माती, आणि सर्वांत वर खारीचा थर. मृगापूर्वी जुनी माती उकरून नवी खारी टाकावयाची, उतार हाताने चाचपून पाहावयाचा आणि पन्हाळी मोकळ्या करावयाच्या, हा त्या घराचा वार्षिक संस्कार होता. ज्या वर्षी पन्हाळीच्या तोंडाशी चिमण्यांनी काड्या कोंबल्या त्या वर्षी माजघरात पातेली मांडावी लागत. माती गळते म्हणून कोणी तिला दोष देत नसे. पाणी अडले कोठे, एवढेच पाहत. सिमेंटचे स्लॅब आले आणि ही पाहण्याची सवय गेली.

मिस्तरींनी निदान सांगितले ते असे: गटर कापून नवे करावे लागेल, त्यासाठी छप्पर उतरवावे लागेल, आणि छपरासाठी बोल्ट सोडवावे लागतील. तीन दिवस त्यांनी बोल्टांना डिझेल पाजले. चौथ्या दिवशी एक तुटला, बाकीचे सुटले. चौघांनी छप्पर उचलून ओसरीत नेले आणि आतबाहेर करण्याच्या गडबडीत कोणीतरी सवयीने खाली गोधडी अंथरली.

त्या दुपारी आई काठी टेकीत अंगणात आली. तिला चौऱ्याऐंशी वर्षे झाली आहेत. तिने गाडीचे दार उघडावयास सांगितले, डावीकडच्या आसनावर बसली आणि वर निंबाकडे पाहू लागली. पुष्कळ वेळ ती काही बोलली नाही. मी मिस्तरींना पट्टीविषयी माझा सिद्धान्त समजावून देत होतो: ही असली नखरेल वस्तू मुळात बसवलीच नसती तर गटर आणखी तीस वर्षे टिकले असते, इत्यादी. तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "ती पट्टी मी मागितली होती."

मग तिने सांगितले. माहेरी लग्न होते, आणि शेजारच्यांच्या फियाटला तशी पट्टी होती. वडिलांचा त्या महिन्याचा पगार अगोदरच ठरल्या जागी गेलेला होता. त्यांनी कोणाकडून तरी हातउसने पैसे घेऊन लग्नाच्या आदल्या दिवशी पट्टी बसवून आणली आणि तिला काही न सांगता गाडी दारात आडवी उभी केली, म्हणजे ती खिडकीतून दिसावी. "त्यांना ती आवडत नव्हती," आई म्हणाली. "कोजागिरीला छप्पर उतरवताना तेवढी हाताला लागे. पण काढली नाही कधी."

पुण्याहून धाकटा भाऊ आला तेव्हा या प्रश्नाला आणखी एक फाटा फुटला. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांची व्हिंटेज म्हणून स्वतंत्र नोंदणी करण्याचे नियम सरकारने जुलै २०२१ मध्ये काढले. फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षांची. मात्र अशी गाडी रोजच्या वापरास काढता येत नाही, आणि ती मूळ रूपात असावी, तिच्या सांगाड्यात, बांध्यात किंवा इंजिनात भरीव फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. भाऊ मूळ रूपाचा कडवा पुरस्कर्ता. त्याचे म्हणणे, पट्टी कारखान्याची नव्हतीच. ती गेली हे उत्तमच झाले. सांध्याचे रबर त्याने इंग्लंडहून मागवले, कारण तेथे या गाडीचे सुटे भाग अजून मिळतात. युक्तिवाद निर्दोष होता. चकाकणाऱ्या एका पट्टीवर कोणी नोंदणी अडवील असे मला वाटत नव्हते. पण भावाच्या मनातील कचेरी सरकारी कचेरीहून अधिक कडक आहे. आणि गंजाच्या बाबतीत तर मी स्वतःच त्याला पुरावे पुरवले होते. आई जेवणाच्या पानावर हे सर्व ऐकत होती. तिने कोणाची बाजू घेतली नाही. पट्टी हवी असेही ती म्हणाली नाही. मला मात्र, गाडीचे मूळ रूप कोणते, मद्रासहून निघाली ते की खिडकीतून दिसली ते, हे नियमांच्या पुस्तकावरून ठरवता येईना.

मिस्तरींपुढे हा वाद गेलाच नव्हता. त्यांनी कुजलेले गटर कापून काढले, वीस गेजच्या पत्र्याची नवी पन्हाळ ठोकली, पत्रा तापून वाकू नये म्हणून थोडा थोडा टाका देत ती जोडली आणि वर जस्ताच्या प्राइमरचे दोन हात दिले. मग विचारले, पट्टी कशाची करू? भाऊ माझ्याकडे पाहू लागला. मी आईच्या खोलीकडे पाहिले असावे, कारण भाऊच म्हणाला, "करा. स्टीलची करा."

पण स्टेनलेस स्टीलची पट्टी साध्या पोलादावर थेट बसवणे हेही धोक्याचेच. रंगाला एक ओरखडा गेला आणि त्यात पाणी शिरले की दोन धातूंची घटमाला तयार होते, आणि तीत साधे पोलाद बळी जाते. मिस्तरींनी घटमाला हा शब्द कधी ऐकला नसावा, पण त्यांची तोड तिच्यावरच होती. सागाच्या ठोकळ्यावर मोगरीने ठोकून त्यांनी पट्टी वळवली. तिच्या आत वीत वीत अंतरावर सायकलच्या ट्यूबचे बोटभर तुकडे चिकटवले, म्हणजे धातूला धातू कोठेच टेकू नये आणि मधून वारा खेळावा. आणि खालच्या दोन्ही टोकांशी करंगळीच्या नखाएवढी तोंडे उघडी ठेवली. लांबून पाहणाराला ती दिसत नाहीत. जुनी पट्टी टोकाला दुमडून बंद केलेली होती, त्यामुळे ती अधिक नीटस दिसे, हे कबूल केले पाहिजे.

छप्पर चढवण्यापूर्वी मिस्तरींनी तांब्याने पन्हाळीत पाणी ओतून पाहिले. ते दोन्ही टोकांनी बारीक धारेने खाली पडले. आईने आणखी एक तांब्या ओतावयास लावला. बोल्टांना या वेळी ग्रीस लावले आहे आणि ते हाताच्या पान्याने सुटतात. कोजागिरीला कोणाकोणाला बोलवावयाचे याची चर्चा आतापासूनच सुरू आहे. मुडावदपर्यंतचा प्रवास आईला झेपेल की नाही याविषयी डॉक्टरांचे मत अनुकूल नाही, आणि आईचे मत डॉक्टरांविषयी अनुकूल नाही.

मृगाचा पहिला पाऊस रात्री झाला. मी विजेरी घेऊन गाडीत जाऊन बसलो. दोन्ही दारांवर कोरडे होते. पुढच्या काचेच्या डाव्या कोपऱ्यात, इंग्लंडच्या रबराखालून, थोड्या थोड्या वेळाने एक थेंब येत होता. मिस्तरींना कळवले. ते म्हणाले, दिवाळीनंतर पाहू.