शिकंजा हलका फिरला पाहिजे

शिकंजा हा शब्द फारसीतून आला. उर्दूत जिल्दसाजाच्या दाबयंत्रालाही शिकंजाच म्हणतात. शिरूर कासारच्या आमच्या घरात मात्र शिकंजा म्हणजे सुतारकामातला क्लॅम्प. सरस लावलेली दोन लाकडं वाळेपर्यंत घट्ट धरून ठेवणारा.

अब्बांनी सत्तरी ओलांडली आहे. बोटांचे सांधे आखडलेत, तरी चौकटी, दारं, तख्त यांची कामं सुरू आहेत. रंधा धाकटा भाऊ मारतो. जोडणी अजून अब्बाच करतात. फेव्हिकॉल लावला की दहा-पंधरा मिनिटांत सांधा आवळावा लागतो, उन्हाळ्यात त्याहून लवकर. त्या वेळी स्क्रू अडला तर तरुण माणूस जोर लावून फिरवेल, अब्बांना ते जमत नाही. म्हणून महिन्यातला एक रविवार आम्ही भावंडं शिकंज्यांना देतो.

आधी आट्यांत वाळलेला सरस काढायचा. कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं थोडा वेळ गुंडाळून ठेवलं की पांढरा सरस मऊ पडतो आणि पितळी ब्रशने निघतो. लगेच पुसून उन्हात वाळवायचं, नाहीतर गंज धरतो. गंज असेलच तर बारीक पॉलिश पेपर मारायचा.

मग वंगण. भरपूर तेल ओतलं की त्यावर भुसा बसतो आणि आट्यांत चिकट लगदा होतो. शिवाय तेल लाकडाला लागलं की तिथे सरसही धरत नाही, पॉलिशही नाही. त्यापेक्षा कोरड्या आट्यांवर मेणबत्ती घासावी आणि स्क्रू दोन-चारदा पुढे-मागे फिरवावा. टोकाच्या फिरत्या चकतीला तेवढा तेलाचा एक थेंब द्यावा, जास्तीचा पुसून घ्यावा.

लांब पट्टीच्या शिकंज्याचा सरकता जबडा किंचित तिरपा होऊन घर्षणाने पट्टी धरतो. त्या पट्टीला तेल दिलं तर जबडा घसरतो. ती नुसती स्वच्छ, कोरडी ठेवावी.

आवळताना लाकूड आणि लोखंड यांच्यामध्ये प्लास्टिकचा तुकडा घालावा. सरस शिकंज्याला चिकटत नाही आणि बाभळीसारख्या लाकडावर ओल्या लोखंडाचा काळा डागही पडत नाही. दांड्याला पाइप लावून जोर कधी करू नये. स्क्रू वाकतो आणि सांध्यातला सरसही पिळून निघतो. काम झालं की शिकंजा सैल करून भिंतीला टांगावा. पावसाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये तो जमिनीवर पडून राहिला तर गंजलाच म्हणून समजा.

अब्बांची कसोटी साधी आहे: दांडा दोन बोटांनी फिरला पाहिजे.

लोक आम्हाला म्हणतात, “या वयात त्यांना आराम द्या.” आमचं म्हणणं एवढंच, की वडीलधाऱ्यांच्या हातचं काम काढून घेण्याआधी ते हलकं करता येतं का, हे पाहावं. आमच्या घरी त्याला एक मेणबत्ती आणि महिन्यातली एक सकाळ पुरते.