सोय कोणाची?

गेल्या महिन्यात भाड्याने खोली बघायला गेलो होतो. खोली पसंत पडली, भाडे ठरले, मग मालकांनी पूर्ण नाव विचारले. आडनाव ऐकून म्हणाले, "तुम्ही चांगलेच आहात हो, पण इथे सगळे एका विचाराचे लोक राहतात. तुम्हालाच अवघडल्यासारखं होईल." 'नाही' हा शब्द त्यांनी एकदाही उच्चारला नाही. माझीच सोय पाहून त्यांनी मला दाराबाहेर ठेवले!

जिना उतरताना मला अमेरिकेतले लुइझियाना राज्य आठवले. तिथे १८९० साली काळ्यांसाठी आणि गोऱ्यांसाठी रेल्वेचे वेगळे डबे सक्तीचे झाले. त्या कायद्याचे शीर्षक काय होते? रेल्वे प्रवाशांची सोय वाढवण्यासाठीचा कायदा! १८९२ साली होमर प्लेसी ठरवून गोऱ्यांच्या डब्यात बसले आणि अटक करून घेतली. १८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदाच उचलून धरला आणि 'वेगळे पण समान' हे सूत्र देशभर रूढ झाले. न्यायालय म्हणाले, वेगळे बसवण्यात कमीपणा नाही. काळ्यांना तसे वाटत असेल तर तो अर्थ त्यांनीच काढलेला आहे. म्हणजे अपमान करणारा कोणीच नाही, दोष अपमान वाटून घेणाऱ्याचा! न्यायमूर्ती हार्लन एकटे विरोधात उभे राहिले. वेगळे करणे हीच मुळात विषमता आहे, हे त्याच न्यायालयाने शाळांच्या खटल्यात मान्य केले ते १९५४ साली. मध्ये ५८ वर्षे गेली.

दक्षिण आफ्रिकेत तर ही भाषा सरकारी खात्यांतूनच घडली. 'अपार्थाइड' या आफ्रिकान्स शब्दाचा साधा अर्थ 'वेगळेपण'. तो शब्द जगभर बदनाम झाला तेव्हा 'स्वतंत्र विकास' हा नवा शब्द पुढे आला. पंतप्रधान फेरवूर्ड याच धोरणाला चांगला शेजारधर्म म्हणत. १९५२ च्या कायद्याच्या नावात पास 'रद्द' करणे होते. प्रत्यक्षात १६ वर्षांवरील काळ्या माणसांना पासबुक जवळ बाळगण्याची सक्ती झाली. १९५९ च्या कायद्याच्या नावात विद्यापीठीय शिक्षणाचा 'विस्तार' होता. त्यानेच खुल्या विद्यापीठांची दारे काळ्या विद्यार्थ्यांना बंद केली. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिलला लोक याच पासविरुद्ध जमले. अधिकृत आकड्यानुसार पोलिसांच्या गोळ्यांनी ६९ माणसे मेली.

काही मित्र म्हणतात, शब्दांवर कशाला भांडायचे, अन्यायाशी लढा. मित्रांनो, गोड शब्द हा अन्यायाचा पहारेकरी असतो. त्याला ओलांडल्याशिवाय आत जाता येत नाही. बाबासाहेबांनी हे ओळखले होते. १९२७ साली त्यांनी पाक्षिकाचे नाव ठेवले 'बहिष्कृत भारत'. बहिष्कृत म्हटले की बहिष्कार कोणी टाकला, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. 'हरिजन' म्हटले की तो प्रश्नच विरून जातो. म्हणूनच १९३८ साली मुंबई विधानसभेत अस्पृश्यांसाठी हा शब्द कायद्यात घातला जात असताना ते सहकाऱ्यांसह सभात्याग करून बाहेर पडले.

त्या दिवशी मी मात्र मालकांना "बरं" म्हणून निघून आलो. ते "बरं" अजून सलते आहे. पुढच्या दारात कोणी माझ्या सोयीची काळजी केली, तर तिथेच उभे राहून विचारणार आहे: सोय कोणाची, आणि ती ठरवली कोणी?

जय भीम!