ब्रश थांबवायचं बटण

न्यू जर्सीतल्या भाचीने दोन व्हॅक्यूम क्लीनरचे फोटो पाठवले आणि खाली एकच प्रश्न : “मावशी, यातला कुठला?” तिच्या घरात ओकच्या फळ्यांची जमीन आहे. (रेड ओक हा न्यू जर्सीचा राज्यवृक्ष. राज्यवृक्षाच्या फळ्या करून त्यांवर पाय पसरून टीव्ही बघतात, हे मला अजून पचलेलं नाही.) जमिनीवर मधोमध भदोहीचा, हाताने गाठी मारलेला लोकरीचा गालिचा. मी पुण्यात मोझॅकच्या फरशीवर राहते आणि माझ्या घरात केर काढायचं विजेचं यंत्र नाही. पण केर काढण्याबद्दल ठाम मतं आहेत, आणि ती कुणी विचारण्याची मी वाटच बघत असते. तेव्हा चहा ठेवला आणि दोन्ही यंत्रांची माहितीपत्रकं वाचायला बसले.

वाचता वाचता एका बटणापाशी अडकले. बाकीची बटणं काहीतरी सुरू करणारी, वाढवणारी. हे एकच असं, की ते दाबलं की तोंडाशी फिरणारा ब्रश थांबतो आणि नुसती हवा ओढली जाते. पत्रकात या बटणाला जेमतेम अर्धी ओळ होती. ताकदीला अख्खं पान.

ताकदीचं हे खूळ खोक्यावरच सुरू होतं. सर्वांत ठळक छापलेला असतो तो वॅटचा आकडा. वॅट म्हणजे यंत्र वीज किती खातं. केर किती उचलतं ते नव्हे. युरोपीय संघाने २०१४ मध्ये व्हॅक्यूम क्लीनरवर १६०० वॅटची मर्यादा घातली आणि २०१७ मध्ये ती ९०० वर आणली. तिकडची घरं त्यानंतर केराने भरून गेली, असं काही कानावर आलेलं नाही.

खरं तर हे यंत्र जन्मालाच आलं ते आडदांड होऊन. ह्यूबर्ट सेसिल बूथ हा इंग्रज इंजिनिअर. ब्लॅकपूल आणि व्हिएन्नाच्या त्या प्रचंड आकाशपाळण्यांच्या कामात असलेला माणूस. १९०१ मध्ये त्याने लंडनमध्ये हवा फुंकून धूळ उडवणारं एक यंत्र पाहिलं आणि त्याच्या मनात आलं, फुंकायची कशाला, ओढून घ्यावी. मग उपाहारगृहातल्या खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवून त्याने तोंडाने हवा ओढून पाहिली. रुमालाच्या खालच्या बाजूला धुळीचा डाग उमटला. त्यावरून त्याने जे यंत्र केलं ते घोडागाडीवर बसवलेलं होतं. गाडी रस्त्यात उभी राहायची, लांबलचक नळ्या खिडक्यांतून आत जायच्या. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी, १९०२ मध्ये, वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे याच यंत्राने साफ केले. फिरता ब्रश घराघरांत आला तो पुढे, अमेरिकेतून. ओहायोतल्या कँटन गावी जेम्स मरे स्पँगलर हा दम्याचा रुग्ण एका दुकानात झाडलोट करायचा. गालिचे झाडताना उडणाऱ्या धुळीने त्याचा जीव जाई. त्याने पंख्याची मोटर, उशीचा अभ्रा आणि झाडूचा दांडा जोडून आपलं यंत्र केलं, पुढे फिरता ब्रश लावला आणि १९०८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. ते विल्यम हूवरने विकत घेतलं. दुकानातल्या रोज तुडवल्या जाणाऱ्या गालिच्यांसाठी तो ब्रश ठीकच होता. लाकडाचा आणि नाजूक विणीचा विचार त्यात नव्हता.

लाकडावर तो ब्रश वाळूचे कण उचलण्याऐवजी मागे भिरकावतो. वाळू म्हणजे बहुतेक करून गारगोटी, आणि लाकडावरच्या झिलईपेक्षा गारगोटी कितीतरी कठीण. शिवाय यंत्राची चाकं टणक प्लॅस्टिकची असली की एखादा खडा त्यांत रुतून बसतो आणि अख्ख्या खोलीभर रेघ ओढत जातो.

हे मला पत्रकाने शिकवलं नाही. आजीने शिकवलं. शनिवार पेठेतल्या वाड्यात आमचं बिऱ्हाड वरच्या मजल्यावर होतं आणि जमीन सागवानी फळ्यांची. फळ्या इतक्या जुन्या की मधल्या फटींतून रात्री खालचा दिवा दिसायचा. खाली मालकांचा दिवाणखाना. आम्ही वर केर काढला की तो थेट मालकांच्या टकलावर पडायचा. ते वरती बघत ओरडायचे, “अहो वहिनी, जरा हळू!” आजी वयाने त्यांच्याहून मोठी होती, पण वाड्यात सगळ्यांनाच ‘वहिनी’. या एका हाकेमुळे आमच्या घरात केर काढण्याचं शास्त्र तयार झालं. केरसुणी उचलायची नाही, आपटायची नाही, आडवी धरून फळीच्या रेषेने पुढे सरकवत न्यायची. फळ्या ओलांडून कधीही झाडायचं नाही; ओलांडलं की प्रत्येक फट केर गिळते आणि खालून हाक येते.

त्याहून मोठा नियम केरसुणीच्या वयाचा होता. दिवाळीच्या तोंडावर केरसुणी विकणाऱ्या बाया पेठेत यायच्या. शिंदीच्या पात्यांच्या त्या केरसुण्यांना हिरवट, कोरडा, आंबूस वास असे. मला तो अत्तरापेक्षा आवडायचा, अजूनही आवडतो. लक्ष्मीपूजनाला नव्या केरसुणीला हळदकुंकू लागे. पण दुसऱ्या दिवशी ती लक्ष्मी सागवानावर येत नसे. नव्या केरसुणीचा भुसा गळतो आणि पात्यांची टोकं टोचरी असतात, म्हणून तिची नेमणूक खालच्या चौकात, शहाबादी फरशीवर. तिथे वर्षभर घासून टोकं मऊ पडली की तिला माडीवर बढती. माडीवर झिजून निम्मी झाली की देवघरात. म्हणजे आमच्याकडे सर्वांत नाजूक जागा सर्वांत थकलेल्या केरसुणीची. एकदा एका नव्या सुनेने, म्हणजे माझ्या काकूने, कोरी केरसुणी माडीवर फिरवली. आजी काही बोलली नाही. तिने खोबरेल तेलाचा बोळा घेतला आणि उजेडाकडे तिरकं बघत एकेक ओरखडा पुसत बसली, संध्याकाळपर्यंत. बोलली असती तर काकूला सोपं गेलं असतं.

खालच्या दिवाणखान्यात गालिचा होता. येरवडा तुरुंगात विणलेला, असं मालक प्रत्येक पाहुण्याला सांगत. येरवड्याचे गालिचे तेव्हा नावाजलेले होतेच. विजापूरच्या आसार महालातल्या जुन्या गालिच्यांच्या नकला तिथल्या कैद्यांनी विणल्या. आग्र्याच्या कैद्यांनी व्हिक्टोरिया राणीसाठी विणलेला गालिचा तर अजून विंडसरच्या राजवाड्यात आहे, वजन सुमारे दोन टन. आमच्या मालकांचा एवढा नव्हता, पण दिवाळीपूर्वी चौकात न्यायला चार गडी लागत. मालकीणबाई तो दोरीवर टाकून बडवू देत नसत. धुतलेल्या फरशीवर उपडा घालायचा, पाठीवरून सपाट हाताने थोपटत जायचं आणि मग अलगद उचलायचा. खाली गालिच्याच्याच आकाराचा वाळूचा चौकोन उरे. वरून तर तो लख्ख दिसत होता! ही वाळू गाठींच्या मुळाशी उतरते आणि वरून माणसं चालली की लोकर मुळातून कातरते. गालिचे पायांनी झिजतात त्याहून जास्त आतल्या रेतीने झिजतात.

झालर मात्र मालकीणबाई स्वतः बोटांनी विंचरत. ती शोभेची किनार नसते. माग सोडताना उरलेली ताण्याचीच टोकं असतात ती. फिरत्या ब्रशने झालर ओढली तर गाठी टोकाकडून सुटायला लागतात.

गालिच्याशी असं वागणारी माणसं जगात आणखीही आहेत. इराणमध्ये काशानजवळ मशहद-ए-अर्देहालला दर शरदात एका संताच्या स्मरणार्थ गालिचा धुतात. फीनचे लोक हातात लाकडी काठ्या घेऊन तो मिरवत ओढ्यावर नेतात आणि त्याच काठ्यांनी त्यावर पाणी आणि गुलाबजल शिंपडतात. २०१२ मध्ये युनेस्कोने ही प्रथा आपल्या वारसायादीत घेतली. काठी बडवण्यासाठी असते, एवढंच ज्याला माहीत आहे त्याने अर्देहालला एकदा जाऊन यावं. मलाही जायचं आहे.

तर भाची. मी तिला लिहिलं ते असं : मोटर डब्यात आणि डबा मागून ओढायचा, अशा प्रकारचं घे, उभ्या यंत्रात मोटरीचं ओझं तोंडाशीच येतं आणि गालिच्यावर तेच दाबलं जातं. चाकं रबराची बघ. लाकडासाठी मऊ केसांचं वेगळं तोंड मिळतं, काही कंपन्या ते घोड्याच्या केसांचं करतात; त्यावर पैसे वाचवू नकोस. गालिच्यावर ब्रश बंद, ओढ कमीत कमी, आणि हात फिरवून लोकर कुठल्या दिशेने लवते ते बघून त्याच दिशेने. अधूनमधून गालिचा उलटा घालून पाठीवरूनही फिरव. नवा गालिचा काही महिने लोकर सोडतो, तेव्हा घाबरून दुकानदाराला फोन करू नकोस. संग्रहालयातली माणसं जुन्या कापडावर नायलॉनची जाळी धरून मग नळी फिरवतात. तुला तेवढं करायला नको, पण ती कशाला भितात ते लक्षात ठेव. रेशमी गालिचा कधी घेतलास तर त्याच्याजवळ यंत्र नेऊच नकोस.

धुळीच्या पिशवीबद्दलही माझं मत आहे. पारदर्शक डबा दिसायला झोकात असतो, पण रिकामा करताना निम्मी धूळ परत नाकात जाते. पिशवी गुंडाळून टाकता येते. दम्याच्या माणसाने तरी पिशवीचंच घ्यावं. स्पँगलरनेही अभ्राच लावला होता.

आणि तुमच्यापैकी कुणी ते आपोआप फिरणारं चकतीसारखं यंत्र घेतलंच असेल, तर ते सोडून ऑफिसला जाण्यापूर्वी गालिच्याच्या दोन्ही झालरी आठवणीने खाली दुमडून ठेवा.