कुलाबा ते रायगड : आमच्या मताचा हिशेब कोण देणार?

लोकसभेचा निकाल लागला त्याच्या पुढच्या रविवारची गोष्ट. विहारात वंदना झाली, पोरे पाय मोकळे करायला वडखळ नाक्यावर आली. चहाच्या टपरीवर बारावी झालेल्या एका मुलाने आम्हाला सरळ प्रश्न टाकला, "ताई, आपल्या वाड्यातलं एकूण एक माणूस मतदानाला गेलं. मग आपलं मत नक्की कुठं गेलं?"

त्या मुलाचे ते पहिलेच मतदान होते. 7 मे 2024 रोजी उन्हात रांगेत उभा राहून त्याने बोटाला शाई लावून घेतली होती. आम्ही त्याला आकडे सांगितले. सुनील तटकरे यांना 5,08,352 मते, अनंत गीते यांना 4,25,568 मते, फरक 82,784. तो म्हणाला, "हे तर मोबाईलवरपण आहे. मी आपलं विचारतोय."

आम्ही समाजशास्त्रात एम. ए. केले, बौद्धवाडे आणि आदिवासी वाड्या पायी तुडवल्या, मतदार नोंदणीचे अर्ज भरून दिले. तरी त्या मुलाला धड उत्तर देता आले नाही. हा लेख त्या उत्तराचा प्रयत्न आहे.

आपल्या मतदारसंघाचा इतिहास नेहमी नेत्यांच्या नावांनी सांगितला जातो. नावे मोठी आहेत, नाकारण्याचे कारण नाही. 1952 च्या पहिल्या निवडणुकीत कुलाब्यातून काँग्रेसचे चिंतामणराव देशमुख निवडून आले, ते देशाचे अर्थमंत्री होते. 1956 साली मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडले. मराठी माणूस हा राजीनामा अभिमानाने आठवतो, आठवावाच. पण त्याच नेहरू मंत्रिमंडळातून 1951 साली हिंदू कोड बिलासाठी, म्हणजे या देशातल्या समस्त स्त्रियांसाठी बाबासाहेबांनी दिलेला राजीनामा किती जणांना तितक्याच अभिमानाने आठवतो?

1957 साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत शेतकरी कामगार पक्षाचे राजाराम राऊत जिंकले. पुढे काँग्रेस आणि शेकाप यांची रस्सीखेच चालू राहिली. 1977 ला दि. बा. पाटील जिंकले, 1980 ला काँग्रेसचे अंबाजी तुकाराम पाटील, 1984 ला पुन्हा दि. बा. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट होती, तरी कुलाब्याने शेकापचा खासदार दिला. कारण त्याच वर्षी जानेवारीत जासई, दास्तान फाट्याच्या बाजूला जमिनीसाठी लढणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला होता आणि पाच जण हुतात्मा झाले होते. लोकांच्या मनात प्रश्न जिवंत होता, म्हणून लाट उरणच्या खाडीत अडली.

नंतर बॅरिस्टर अंतुले 1989, 1991 आणि 1996 असे तीनदा निवडून आले. 1998 आणि 1999 ला शेकापचे रामशेठ ठाकूर आले आणि 2004 ला पुन्हा अंतुले. पुढे मतदारसंघांची पुनर्रचना झाली. पनवेल, उरण, कर्जत मावळात गेले, रत्नागिरीतले दापोली आणि गुहागर इकडे जोडले गेले आणि 'कुलाबा' जाऊन 'रायगड' हे नाव आले. 2009 ला शिवसेनेच्या गीते यांनी अंतुले यांना सुमारे दीड लाखाने हरवले. 2014 ला गीते यांनी तटकरे यांना अवघ्या 2,110 मतांनी हरवले. त्या निवडणुकीत तटकरे यांच्याच नावाचा एक अपक्ष उभा होता आणि त्याची मते या फरकापेक्षा कितीतरी जास्त होती. 2019 ला तटकरे 31,438 मतांनी जिंकले, 2024 चे वर सांगितलेच.

झाला इतिहास! यात बौद्ध समाज कुठे दिसला? कातकरी, ठाकूर कुठे दिसला? नावच नाही.

आता दुसरा इतिहास सांगतो, जो प्रचाराच्या गाडीवरून कोणी सांगत नाही.

वडखळ नाक्यावरून गोव्याचा रस्ता सोडून अलिबागकडे वळले की पोयनाडच्या पुढे चरी गाव लागते. 1933 पासून तब्बल सहा वर्षे तिथल्या आगरी कुळांनी खोतांची जमीन कसायला नकार दिला. पुढारी होते नारायण नागू पाटील. पोटाला चिमटा घेऊन माणसे जगली, पण नांगर धरला नाही. 1934 साली बाबासाहेब स्वतः चरीला आले, कारण कुळाला पिळणारा खोत आणि महाराला वेठीला धरणारा खोत एकच आहे हे त्यांना स्पष्ट दिसत होते. 1936 ला त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. पक्षाच्या नावात जात नव्हती, श्रम होता.

1937 च्या प्रांतिक निवडणुकीत या पक्षाच्या तिकिटावर कुलाबा जिल्ह्यातून सुरबानाना टिपणीस निवडून आले. टिपणीस जातीने कायस्थ. महाडचे नगराध्यक्ष म्हणून चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या पाठीशी उभा राहिलेला हा माणूस. शेजारच्या रत्नागिरीतून अनंतराव चित्रे आणि शामराव परुळेकर त्याच पक्षाकडून आले. म्हणजे आंबेडकरी पक्षाचे सवर्ण उमेदवार कोकणातून निवडून येत होते! आज हे ऐकून पोरांना खोटे वाटते. आणि निवडून येऊन काय केले? 17 सप्टेंबर 1937 रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे बिल मुंबई विधिमंडळात मांडले. जानेवारी 1938 मध्ये कोकणातल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. त्या सरकारने बिल मंजूर होऊ दिले नाही, पण खोतीचा कायदेशीर शेवट पुढे 1949 च्या कायद्याने करावाच लागला.

लक्षात घ्या, 1937 ला सर्वांना मत नव्हते. ज्याच्याकडे मालमत्ता, जो सारा भरणारा किंवा शिकलेला, त्यालाच मत. बाबासाहेबांनी 1928 सालीच सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला होता. तो संविधानाने मिळाला. मते थोडी होती तेव्हा आमच्या मागण्यांना वजन होते, मते सर्वांना मिळाली आणि आमचे वजन घटले. असे का झाले? हा खरा प्रश्न आहे.

सोपे उत्तर तयार असते, "आपली लोकसंख्याच कमी." खोटे नाही ते. 2011 च्या जनगणनेत रायगड जिल्ह्यात अनुसूचित जाती सुमारे 5 टक्के, अनुसूचित जमाती साडेअकरा टक्क्यांच्या आसपास. त्यात आपला समाज कुठे एका पट्ट्यात नाही, गावागावाच्या टोकाला वीस-पंचवीस घरांचा वाडा. ज्याला सर्वांत जास्त मते तो विजयी, या पद्धतीत अशा विखुरलेल्या समाजाच्या वाट्याला काय येणार? पण मग 1937 ला आपली संख्या काय जास्त होती? आणि अंतुले चार वेळा निवडून आले ते काय फक्त मुसलमानांच्या मतांवर? संख्या कमी असणे ही अडचण आहे, कारण नव्हे.

कारण वेगळे आहे. 1937 ला आपले मत एका मागणीला बांधलेले होते आणि ती मागणी कुळाची, मजुराचीही होती. 1957 ला शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत होता, तेव्हाही मागणी होती. त्यानंतर मत मागणीला नाही, माणसाला बांधले गेले. एम. एन. श्रीनिवास यांचा 1955 चा 'व्होट बँक' हा शब्द आम्ही वर्गात शिकलो तेव्हा तो पुस्तकी वाटला होता. वाड्यावर काम करताना कळले की बँकेत पैसा आपला असला तरी चेकवर सही दुसऱ्याची असते. प्रचारात पुढारी येतो, समाजमंदिराला पत्रे देतो, भीमजयंतीला डीजे देतो आणि वाड्यातल्या एका माणसाशी बोलून निघून जातो. तो एक माणूस म्हणजे आपला समाज!

मागणी सुटली की काय होते, याचे पेणचेच उदाहरण घ्या. 21 सप्टेंबर 2008 रोजी महामुंबई सेझसाठी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांत सरकारने शेतकऱ्यांचा कौल घेतला. जमीन द्यायची की नाही? एन. डी. पाटील, उल्का महाजन यांच्यासारख्यांनी रान उठवले होते. शेतकऱ्यांनी प्रचंड बहुमताने नकार दिला, पुढे तो प्रकल्प बारगळला. तो विजय मोठाच, आम्ही तेव्हा कॉलेजात होतो आणि आनंदाने नाचलो होतो. पण त्या दिवशी एका बौद्धवाड्यातली आजी म्हणाली, "माझं नाव सातबाऱ्यावर नाय, मंग माझं मत कोन इचारतो?" ज्याच्या नावे जमीन त्याला कौल. जमीन गेली असती तर लावणी-कापणीची मजुरी त्या आजीचीही बुडाली असती, खाडीवर जाणाऱ्या कातकऱ्याचीही बुडाली असती. त्यांना कोणी विचारले नाही आणि आम्हीही तेव्हा तो प्रश्न उचलला नाही. 1937 च्या मालमत्तावाल्या मताची ती सावली 2008 सालीही आमच्या तालुक्यात होती.

कातकऱ्यांचे तर लोकसभेचे मतही हातातून निसटते. दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीवर, कोळशाच्या कामावर जातात, पावसाच्या तोंडाशी परततात. मतदान एप्रिल-मेमध्ये. यादीत नाव असते, माणूस भट्टीवर असतो.

इथे आमच्याच चळवळीला चार शब्द सुनावणे भाग आहे. 1998 साली रिपब्लिकन नेते एकत्र आले तेव्हा प्रकाश आंबेडकर, रामदास आठवले, रा. सू. गवई आणि जोगेंद्र कवाडे असे चारही जण खुल्या मतदारसंघांतून लोकसभेत गेले. वर्षभरात निवडणूक लागली तोवर ऐक्य फुटले होते. 2019 ला वंचित बहुजन आघाडीने रायगडात कोळी समाजातील महिलेला उमेदवारी दिली. दिशा योग्य होती, 1937 चीच होती. तेवीस हजारांच्या घरात मते पडली. 2024 ला ती वीस हजारांच्या आत आली आणि 'नोटा' सत्तावीस हजारांच्या वर गेला. म्हणजे इथल्या मतदाराची नाराजी आमच्यापेक्षा मोठी निघाली आणि ती आमच्याकडे आली नाही. का यावी? पाच वर्षांत आम्ही खारबंदिस्तीवर बोललो का? डोलवीच्या कारखान्यात कंत्राटी कामगार म्हणून राबणाऱ्या आगरी, कोळी, बौद्ध पोरांसाठी एक संयुक्त मोर्चा काढला का? उमेदवार बहुजन दिला, पण बहुजनांचे काम निवडणुकीच्या आधी केले नाही.

2024 ला संविधान वाचवण्यासाठी महाराष्ट्राने कौल दिला असे आपण म्हणतो. पण अजित पवारांच्या राष्ट्रवादीला राज्यात जी एकच जागा मिळाली ती आपली रायगडची. संविधान हा शब्द आमच्या वाड्यात पोहोचला, पण शेजारच्या आगरवाड्यात, कोळीवाड्यात, कुणबीवाडीत तो आम्ही पोहोचवला का? कुळाला जमीन, मजुराला मत आणि बाईला वारसा हक्क हे सगळे संविधान आहे, हे सांगायला कोण गेले?

तर त्या मुलाला आमचे उत्तर असे, "बाळा, तुझे मत मोजले गेले, पण त्याच्यासोबत तुझी मागणी नव्हती, म्हणून ते दिसले नाही." पुढच्या निवडणुकीची वाट न बघता आपण तीन कामे हाती घेऊ. भट्टीवर जाणाऱ्यांची यादी करून त्यांच्या मतदानाच्या दिवसाच्या सुट्टीची आणि गाडीभाड्याची जबाबदारी प्रशासनाकडे आताच मागू. जमिनीच्या प्रत्येक व्यवहारात भूमिहीनालाही ग्रामसभेत बोलायला लावू. आणि वाड्यात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला एका माणसाच्या ओटीवर नाही, विहारासमोर सर्वांपुढे बसवून आगरी, कोळी, कातकरी भावाबहिणींसह ठरवलेला मागण्यांचा कागद त्याच्या हाती देऊ.

मुलगा म्हणाला, "कागद मी लिहितो." पहिली बैठक येत्या रविवारी वंदनेनंतर आहे. शेजारच्या कोळीवाड्यात निरोप द्यायला आम्ही दोघे जाणार आहोत.

जय भीम! जय संविधान!